लाफाएलेचं गाणं आणि वाएलुआचा शंख

लाफाएलेच्या गाण्यात कोंबडा आहे, हे आम्हाला ऑकलंडहून कळलं.

लाफाएले माझा मेहुणा. माझी धाकटी बहीण सालोमे त्याला दिली. सामोआच्या दोन मोठ्या बेटांमध्ये जी बोट ये-जा करते, तिच्या इंजिनघरात त्याने उभा जन्म काढला. त्यामुळे उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि डाव्या कानाने जे ऐकू येतं त्यावर त्याचा विश्वास नाही. त्या इंजिनाच्या धडधडीवर तो गाणी रचायचा. ती गाणी कधी घराबाहेर गेली नाहीत, असं मी लिहिणार होतो, पण ते बरोबर होणार नाही. आमच्या घरांना भिंती नसतात, खांब असतात आणि वर छप्पर. लाफाएलेचं प्रत्येक गाणं रचताक्षणीच समुद्रापर्यंत जात असे. फक्त वाटेत कुणी ते उचलून घेतलं नाही.

त्याची मुलगी सिनापाती ऑकलंडला असते. तिला मुलगा झाला आणि तिने त्याचं नाव लाफाएले ठेवलं. सालोमे विमानाने जाऊन नातवाला पाहून आली. लाफाएले गेला नाही. ज्या इंजिनात आपल्याला उतरता येत नाही त्याच्या भरवशावर बसायचं नाही, असा त्याचा नियम आहे. तेव्हा मुलाचा पहिला वाढदिवस जवळ आला आणि सिनापातीने फोन केला, "बाबा, तुम्ही येणार नाही ते मला माहीत आहे. निदान तुमचं एक गाणं पाठवा. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावते. पोराला आजोबांचा आवाज तरी कळू दे. पण गाणं स्वच्छ हवं हं. नाही जमलं तर इथला एक मुलगा समारंभात गाणी लावतो, त्याला सांगेन."

"कोण मुलगा?" लाफाएलेने विचारलं.

"आहे एक. डोळ्यांवर काळा चष्मा लावून उभा असतो."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

एवढं पुरे झालं. त्या मुलाला लाफाएलेने पाहिलं नव्हतं, पण त्या दिवसापासून तो त्याचा वैरी ठरला.

रेकॉर्डिंगसाठी सिनापातीने एक पाटीएवढा संगणक आणि एक माइक पाठवला होता. वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून लाफाएलेने माइकला पायमोजा घातला. चर्चने टाकून दिलेला एक थोरला स्पीकर त्याने दुरुस्त करून ठेवला होता, तो जोडला. बटण दाबायला मी. मी शाळेत मास्तर होतो आणि मास्तर म्हणजे ज्याला सगळं कळतं, असा गावाचा समज आहे. तो खोडून काढण्याचं धैर्य मला कधी झालं नाही. पण खरं सांगायचं तर त्या संगणकावरच्या तीन बटणांपैकी तिसरं कशासाठी आहे ते मला आजही ठाऊक नाही.

पहिलं रेकॉर्डिंग आम्ही सकाळी केलं. गाणं अंगाईसारखं होतं, संथ. आम्हाला ते फार सुरेख वाटलं. सिनापातीचं उत्तर आलं, "बाबा, यात कोंबडा आहे."

लाफाएलेने कोंबडा कापला. रविवारी आम्ही तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोंबड्याने रिकाम्या झालेल्या जागेवर हक्क सांगितला.

मग आम्ही दुपारी बसायला लागलो, कारण उन्हाच्या वेळी कोंबडे गप्प असतात. पण दुपारी माणसं गप्प नसतात. एका रेकॉर्डिंगमध्ये बस आली, आपलं स्वतःचं गाणं मोठ्याने लावून. एकात मैदानावर आमच्या पद्धतीचं क्रिकेट चाललं होतं, त्यात गावातला प्रत्येक जण खेळतो आणि जो खेळत नाही तो ओरडतो. आणि सगळ्यांत चांगलं झालेलं रेकॉर्डिंग ऐकून सिनापाती म्हणाली, "आईचा आवाज छान आलाय. पण दुसऱ्या कडव्यात ती 'अहो, डुकरं अळूत शिरली' असं म्हणते, ते गाण्यातलंच आहे का?"

त्यानंतर लाफाएलेने चुलीच्या खोपटाला चारही बाजूंनी चटया टांगल्या. साध्या चटयांनी आवाज अडेना, म्हणून त्याने सालोमेच्या गादीखालच्या मानाच्या चटया काढल्या. या चटया विणायला बायकांचे महिनेच्या महिने जातात आणि त्या लग्नात नाही तर मयताला बाहेर काढतात.

"कोण मेलं?" सालोमेने खोपटाच्या दारात येऊन विचारलं.

"कुणी नाही," लाफाएले आतून म्हणाला.

"मग मरणार आहे."

चटया परत गादीखाली गेल्या. जाताना ती मला म्हणाली, "आणि दादा, तू? तू तरी शिकलेला आहेस ना रे?" मी माइकचा पायमोजा सरळ केला.

आता वाएलुआबद्दल सांगायला हवं. दिवेलागणीला वाएलुआ किनाऱ्यावरच्या खडकावर उभा राहून शंख फुंकतो. शंख वाजला की गावाने हातातलं काम टाकायचं, घरात जाऊन बसायचं, एक स्तोत्र गायचं, प्रार्थना करायची. मग वाएलुआने दुसरा शंख फुंकेपर्यंत जागचं हलायचं नाही, बोलायचं नाही. रस्त्यावर गावातली तरणी पोरं अंतराअंतरावर उभी असतात आणि त्या वेळात चालत्या माणसाला किंवा गाडीला अडवतात. दुसरा शंख झाला की जेवणं. वाएलुआच्या बापाने हेच केलं, त्याच्या बापानेही. वाएलुआचे पुढचे दात पडले आहेत, त्यामुळे त्याच्या शंखाचा सूर शेवटी मोडतो आणि बारीक उचकी लागल्यासारखा संपतो. गावातलं तान्हं पोरही तो आवाज ओळखतं.

लाफाएलेच्या मनात आलं, गाण्याची सुरुवात या शंखाने करावी. पोराला कळू दे आपल्याकडे संध्याकाळ कशी होते. एका संध्याकाळी तो माइक घेऊन खडकावर गेला. सालोमेला सांगितलं की वाएलुआबरोबर प्रार्थना करतो. वाएलुआ खूश झाला. त्याने केस विंचरले.

"पोराला सांगशील ना कुणी फुंकला ते?" त्याने विचारलं.

"गाण्यातच नाव घालतो," लाफाएले म्हणाला.

"नाव नको. नाव कुणीही घेतं." थोडा विचार करून तो म्हणाला, "बरं, घाल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही खोपटात बसून तो शंख गाण्याच्या सुरुवातीला जोडला आणि कसा वाटतो ते ऐकायचं ठरवलं. लाफाएलेला ऐकू यायचं तर स्पीकरचा आवाज पूर्ण सोडावा लागतो. मी बटण दाबलं.

शंख वाजला. उचकीसकट.

मला आधी काहीच वेगळं जाणवलं नाही. मग जाणवलं की क्रिकेटचा आरडाओरडा थांबला आहे. मी चटई बाजूला सारून पाहिलं. मैदानावर गोलंदाज चेंडू हातात घेऊनच घराकडे पळत होता. फलंदाजही पळत होता, पण धावेसाठी नव्हे. रस्त्यावर बस थांबली होती, तिचं गाणं बंद झालं होतं आणि चालकाने टोपी काढली होती. समुद्रात शिंपले वेचणाऱ्या बायका ओल्या अंगाने बाहेर येत होत्या. सूर्य डोक्यावर होता, पण सूर्याकडे कोण पाहतो? शंख वाजला म्हणजे संध्याकाळ झाली.

घराघरातून स्तोत्रं सुरू झाली. सालोमेनेही पुढच्या घरात सुरू केलं. मग प्रार्थना झाल्या. मग सगळं गाव दुसऱ्या शंखाची वाट पाहत डोळे मिटून बसलं.

लाफाएलेने कानात बोट घालून हलवलं. "मास्तर, तुम्हाला काही ऐकू येतंय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. माझा कान गेला की जग गेलं?"

"जग," मी म्हणालो.

मग त्याने गिटार उचललं. मी बटण दाबलं. बोटीच्या इंजिनावर आयुष्य ओरडण्यात गेलेला तो माणूस इतक्या हळू गाऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. सालोमेला वाटलं आम्ही दुसरं स्तोत्र गातो आहोत, आणि तिचं मन भरून आलं, असं तिनेच नंतर सांगितलं.

तिसरं कडवं सुरू होणार तोच दुसरा शंख वाजला. हा खराखुरा.

झालं होतं असं की वाएलुआ शंख उशाशी घेऊन घरात झोपला होता. जागा झाला तर समोरच्या घरात सगळे माना खाली घालून बसलेले, रस्त्यावर पोरं उभी. त्याला वाटलं, आपण पहिला शंख फुंकला आणि आपला डोळा लागला. तो तसाच धडपडत उठला आणि दुसरा फुंकला. त्याच्या गालावर चटईची नक्षी उठलेली सगळ्यांनी पाहिली.

"काय वाएलुआ, आज दिवस लवकर मावळवलात?" बसचालक ओरडला.

"म्हातारबुवा, आता आमचं रात्रीचं जेवण की दुपारचं?" मैदानातून कुणीतरी विचारलं.

वाएलुआ गाल चोळत घरात गेला. संध्याकाळी मी त्याला भेटलो तर म्हणाला, "मास्तर, फुंकल्याचं मला काही आठवत नाही. पण झोपेत मी तो ऐकला. आवाज माझाच होता. माझा आवाज मला कळणार नाही होय?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हवा फार दमट आहे."

दोन कडव्यांचं गाणं ऑकलंडला गेलं. सिनापातीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. कोंबडा नव्हता म्हणून रडते आहे, असं लाफाएलेला वाटलं. "बाबा, शेवटचं कडवं लवकर पाठवा," ती म्हणाली. "वाढदिवस शनिवारी आहे. मी त्या चष्मेवाल्याला नको म्हणून सांगितलंय."

शेवटचं कडवं महत्त्वाचं होतं. त्यात आजोबा नातवाला सांगतो की मी आलो नाही, पण हे गाणं आलं आहे, त्याच्या मांडीवर बस. तेवढं सोडलं तर गाण्याला अर्थच उरत नव्हता.

पुढचे दिवस आम्ही प्रयत्न करत राहिलो. बस, क्रिकेट, गवत कापण्याचं यंत्र, डुकरं. शेवटी एका दुपारी लाफाएलेने माझा हात बाजूला केला आणि शंखाच्या बटणावर स्वतःचं बोट ठेवलं.

"एकदाच," तो म्हणाला.

मी नको म्हणालो. पण माझं नको नेहमीच इतकं हळू असतं, आणि मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो.

त्या दुपारी गावच्या मुख्य मानकऱ्याकडे, तुइफांगाकडे, शेजारच्या गावचे मानकरी पाहुणे आले होते. दोन गावांमध्ये नदीवरून कुरबूर होती, ती मिटवायची होती. भट्टीतून काढलेलं अख्खं डुक्कर, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेले विलायती फणस, सगळं केळीच्या पानांवर मांडून झालं होतं. तुइफांगाने जेवा म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि शंख वाजला. त्याने तोंड मिटलं. पाहुण्यांनी डोळे मिटले. स्तोत्र झालं, प्रार्थना झाली. मग डुक्कर निवत गेलं, आणि दोन गावांचे मानकरी त्याचा वास घेत बसून राहिले.

इकडे लाफाएलेच्या गिटारची तार शेवटच्या कडव्याच्या पहिल्याच ओळीला तुटली. दुसरी तार लावेपर्यंत वाएलुआ जागा होऊन दुसरा शंख फुंकून मोकळा झाला होता.

संध्याकाळपर्यंत गावाने निकाल लावला. मानकऱ्यांच्या सभेत वाएलुआला बोलावलं. तुइफांगा म्हणाला, "तुम्ही झोपाळू झालात. पाहुण्यांपुढे गावाचं हसं झालं. आजपासून शंखाला हात लावू नका. आपण चर्चवर विजेचा भोंगा बसवू. भोंगा झोपत नाही."

वाएलुआने वाद घातला नाही. "आवाज माझाच होता," एवढंच म्हणाला, आणि शंख चटईवर ठेवून उठला. त्या संध्याकाळी शंखाच्या जागी एका पोराने गॅसच्या रिकाम्या टाकीवर हातोडी मारली. वाएलुआ आपल्या घरात प्रार्थनेला बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं, असं मला दिसलं.

लाफाएलेने ते पाहिलं. जेवताना त्याने अळू बाजूला सारलं, तेव्हा सालोमेने त्याचं कपाळ चाचपलं.

"मास्तर," तो मला म्हणाला, "सभेत जाऊन सांगायचं. तुम्ही बोला. मी बोलायला लागलो की ओरडतो."

"मी?"

"तुम्ही मास्तर ना?"

"अहो, काय सांगायचं आहे?" सालोमेने विचारलं. लाफाएलेने सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी दुसरं स्तोत्र नव्हतंच?" मला वाटतं बाकी सगळ्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्पीकर हातगाडीवर घालून सभेच्या घरापाशी नेला. पुरावा म्हणून, असं लाफाएले म्हणाला. मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसले होते. मधोमध चटईवर वाएलुआचा शंख होता. भोंग्याचं पक्कं करायचं म्हणून वाएलुआलाही बोलावलं होतं. तो मागे, पायऱ्यांजवळ बसला होता. मागच्या चुलीवर सभेचं जेवण शिजत होतं.

"बोला मास्तर," तुइफांगा म्हणाला.

मी भाषण पाठ करून आलो होतो. सुरुवातीला सगळ्यांच्या पदव्या मानाने घ्यायच्या असतात. त्या मी घेतल्या, आणि त्यातली एक चुकली. ज्याची चुकली तो खाकरला. मी पुन्हा सुरुवात केली. मग मी म्हणालो, "या प्रकरणाला एक बाजू आहे." आणि ती कोणती ते मला आठवेना.

"कोणती बाजू?" सभेचा वक्ता आसोलेले याने विचारलं. हा माणूस बोलायला लागला की सुंदर बोलतो, पण दुसऱ्याला बोलताना ऐकणं त्याला जड जातं.

मी लाफाएलेकडे पाहिलं. लाफाएलेने बटण दाबलं.

स्पीकर पूर्ण सोडलेला होता. शंख वाजला, मोडला, त्याला उचकी लागली.

सभेतल्या प्रत्येकाने मान खाली घातली.

शंख चटईवर त्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता. वाएलुआ पायऱ्यांजवळ रिकाम्या हाताने बसला होता. आवाज हातगाडीवरून आला हे प्रत्येकाला दिसलं होतं. पण जन्मभर ज्या आवाजाला मान खाली गेली, त्याला ती गेलीच. आणि एकदा गेल्यावर आधी वर कोण करणार? रस्त्यावर पोरं धावत येऊन उभी राहिली. चुलीपाशी पळ्यांचा आवाज थांबला. सभेत कुणी तरी स्तोत्र सुरू केलं, आम्ही सगळे गायलो. मग प्रार्थना. आणि मग सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं की दुसरा शंख फुंकायला कुणी नाही.

शंख वाजल्यावर सभेचं कामकाज बोलता येत नाही. बोलायचं तर फक्त देवाशी.

लाफाएलेने डोळे मिटले. "हे प्रभू," तो ओरडला, "दोन्ही वेळा शंख मी वाजवला. या यंत्रातून. पहिल्यांदा चुकून आणि दुसऱ्यांदा मुद्दाम. नातवासाठी गाणं करतोय. वाएलुआ झोपला होता, त्याचा काही दोष नाही. मास्तर मला नको म्हणाले होते, पण हळू. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. म्हणावंच लागतं.

मी एक डोळा उघडला. तुइफांगाही एक डोळा उघडून स्पीकरकडे बघत होता. मग त्याने तो मिटला.

"हे प्रभू," तो म्हणाला, "सत्य उजेडात आणलंस, तुझे उपकार. आता आम्हाला उठव."

कुणी उठलं नाही. आसोलेलेने आवाज लावला, "हे दयाळू प्रभू, या चटईवर जो शंख आहे, तो उचलण्याची बुद्धी ज्याला ती कला येते त्याला दे. तो पायऱ्यांजवळ बसला आहे, प्रभू."

मागून वाएलुआचा नम्र आवाज आला. "हे प्रभू, तू साक्षी आहेस. याच घरात मला सांगितलं की शंखाला हात लावू नका. मी साधा माणूस. मानकऱ्यांचा शब्द मोडणारा मी कोण? आमेन."

"आमेन."

चुलीकडून करपल्याचा थोडा वास आला. एक जाडजूड मानकरी घाईने म्हणाला, "हे प्रभू, आमच्या अन्नाचं रक्षण कर."

"हे प्रभू," तुइफांगा म्हणाला, "रागाच्या भरात एखादा शब्द गेला असेल, तर तो मागे घेतला असं समजावं."

"हे प्रभू," वाएलुआ म्हणाला, "'असेल तर' एवढ्यावर एवढा जड शंख माझ्यासारख्या म्हाताऱ्याने कसा उचलावा?"

कुणीतरी हसू दाबलं, ते नाकातून बाहेर पडलं. तुइफांगाने खोल श्वास घेतला.

"हे प्रभू. मी वाएलुआला झोपाळू म्हणालो. चुकलो."

"दुपारी मी झोपतो, प्रभू," वाएलुआ म्हणाला. "ते खोटं सांगणार नाही. पण शंख फुंकून झोपत नाही."

"शंख फुंकून झोपत नाही," तुइफांगा म्हणाला. "आमेन."

"आमेन," आम्ही म्हणालो आणि वाट पाहिली.

"आणि भोंगा, प्रभू?" वाएलुआने विचारलं.

"भोंगा नको, प्रभू!" तो जाडजूड मानकरी जवळजवळ रडत म्हणाला.

"भोंगा नको," तुइफांगा म्हणाला. "आमेन."

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज वाएलुआचा होता. तो उठला, मध्ये आला, शंख उचलला, कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या टोकाने पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. मग फुंकला.

शिक्षा झालीच. शेजारच्या मानकऱ्यांना पुन्हा जेवायला बोलवायचं आणि डुक्कर लाफाएलेने द्यायचं. शंखाचा आवाज यंत्रातून सभेसमोर पुसून टाकायचा. तो पुसताना मला त्या तिसऱ्या बटणाची भीती वाटत होती, पण दोन कडवी वाचली. शेवटचं कडवं मात्र नव्हतंच, आणि शनिवार उद्यावर आला होता. सालोमे म्हणाली, "दोनच पाठवा." लाफाएलेने मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. परत येताना हातगाडी ढकलत तो म्हणाला, "शेवटी चष्मेवाला जिंकला."

संध्याकाळी वाएलुआ खडकावर उभा राहिला तेव्हा गाव आधीच घरात बसलं होतं. शंख वाजला. स्तोत्रं झाली, प्रार्थना झाल्या. मग आम्ही दुसऱ्या शंखाची वाट पाहू लागलो.

तो वाजेना.

मी आमच्या घरातून खडकाकडे पाहिलं. वाएलुआ शंख छातीशी धरून उभा होता आणि लाफाएलेच्या खोपटाकडे बघत होता. जेवणं खोळंबली होती. तुइफांगाच्या घरातही सगळे माना खाली घालून बसले होते. म्हाताऱ्याला आज काय झालं, असं म्हणायची त्या दिवशी गावात कुणाची छाती नव्हती.

रस्त्यापलीकडे त्यांच्या घरात सालोमेने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो बघत राहिला. तिने पुन्हा ढोसलं, यावेळी जोरात, आणि स्वतः उठून, रस्त्यावरच्या पोरांकडे अशी नजर टाकली की त्यांनी समुद्राकडे तोंडं फिरवली. मग तिने गादीखालून मानाच्या चटया काढून त्याच्या हातात दिल्या.

कडवं मी माझ्या जागेवरूनच ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं. त्यात वाएलुआचं नाव होतं. कोंबडा नव्हता, बस नव्हती. बटण सालोमेने दाबलं, कारण मी रस्त्याच्या अलीकडे अडकलो होतो. शेवटचा सूर विरला, आणि त्याच क्षणी, सालोमेने बटणावरचं बोट उचलायच्या आत, वाएलुआने दुसरा शंख फुंकला. उचकीसकट तो गाण्याच्या शेवटी आत शिरला.

"हा पुसायचा का, मास्तर?" जेवण झाल्यावर लाफाएलेने मला विचारलं.

"सभेने सुरुवातीचा पुसायला सांगितला," मी म्हणालो. या वेळी मी त्याच्या डाव्या बाजूला होतो आणि बऱ्यापैकी मोठ्याने बोललो.

रविवारी सिनापातीचा फोन आला. सालोमेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. वाएलुआही येऊन बसला होता, केस विंचरून. हॉल गच्च भरला होता, सिनापाती म्हणाली. गाणं सुरू झालं तेव्हा पोरगं तिच्या मांडीवरून उतरून स्पीकरपाशी गेलं आणि तिथेच बसून राहिलं. शेवटच्या कडव्याला आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

"मग?" लाफाएले ओरडला.

"मग शंख वाजला, बाबा. आणि हॉलमधले सगळे म्हातारे एकदम उठून जेवायला गेले."

"जेवणाआधी काय व्हायचं होतं?"

"पाद्रीबुवांचं भाषण. ते उभे राहिले होते. त्यांनी माइक हातात घेतला होता."

"मग त्यांनी काय केलं?"

"तेही गेले," सिनापाती म्हणाली. "ते आपल्याच बाजूचे आहेत ना."

वाएलुआ इतका हसला की त्याला उचकी लागली.